बार्सिलोनाचा समुद्र: आधी वेळ ठरवा, किनारा नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस बार्सिलोना, मुक्काम जुन्या शहरातल्या रांब्ला या रस्त्याजवळ. सोबत सहा आणि नऊ वर्षांची मुलं, शिवाय सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या शुद्ध शाकाहारी आहेत. मोठ्यांपैकी एकालाच पोहता येतं. शहरातल्या इतक्या किनाऱ्यांपैकी कोणता निवडावा, आणि समुद्रावरचा सूर्यास्त कुठून चांगला दिसेल?

सूर्यास्तापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचं उत्तर त्यातून निघतं. आपला कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून समुद्र म्हटलं की पाण्यात बुडणारा सूर्य आपल्या मनात पक्का बसलेला असतो. बार्सिलोनाचा किनारा आग्नेयेकडे बघतो. तिथे सूर्य पाण्यातून वर येतो आणि शहरामागच्या कोल्सेरोलाच्या डोंगराआड मावळतो. समुद्रावरचा सूर्यास्त या शहरात मिळणारच नाही. मिळतो तो सूर्योदय, आणि जुलैअखेरीस तो घड्याळात सकाळी ६.४० च्या आसपास होतो, म्हणजे मुलांनाही झेपेल अशा वेळी. रांब्लावरून समुद्राकडे निघून बार्सेलोनेता वस्तीतून किनाऱ्यावर पोचायला चालत अर्धा तास पुरतो. एक पहाट त्यासाठी राखून ठेवा.

आता घड्याळाची गोष्ट. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. स्पेन नकाशावर ग्रीनविचच्या रेषेवर बसलेला देश आहे, पण त्याने घड्याळ मध्य युरोपाचं लावलं आहे आणि उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे जातं. परिणाम असा की जुलैअखेरीस मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो पाऊण वाजता, आणि बार्सिलोनात जवळजवळ दोन वाजता. ‘बारा ते तीन ऊन टाळायचं’ हा आपला घरचा हिशेब तिथे लावला, तर तीन वाजता ऊन उतरलं असं समजून तुम्ही मुलांना वाळूवर न्याल, आणि त्या वेळी तिथे आपल्याकडचे पावणेदोन वाजलेले असतील. टाळायची वेळ साडेबारा ते साडेपाच. घड्याळ विसरायचं असेल तर सावली बघा: मुलाची सावली मुलापेक्षा आखूड असेल तोवर ऊन कडक आहे.

म्हणून समुद्राचा दिवस दोन तुकड्यांत कापायचा. पहिला तुकडा सकाळी साडेनऊ ते बारा, दुसरा संध्याकाळी साडेपाच ते आठ. मधल्या साडेपाच तासांत जेवण, हॉटेलवरची झोप, एखादं संग्रहालय. सूर्यास्त सव्वानऊच्या सुमारास होतो, त्यामुळे संध्याकाळचा तुकडा घाईचा होत नाही. तेव्हा दिवसभर तापलेलं पाणी उबदार असतं आणि वाळूचा चटका गेलेला असतो. बार्सिलोनाचे लोकसुद्धा मुलांना घेऊन याच वेळी उतरतात. याउलट दुपारी एक ते पाच या वेळात किनाऱ्यावर पसरलेली जी गर्दी छायाचित्रांत दिसते, तिच्यात पाहुण्यांचा भरणा असतो.

सकाळी साडेनऊ का, सात का नाही? कारण जीवरक्षकांचे मनोरे साधारण दहा-साडेदहाच्या आधी भरत नाहीत. तुमच्यात पोहणारा माणूस एकच आहे. त्याच्या भरवशावर दोन मुलं पाण्यात सोडणं योग्य नाही. मनोऱ्यावर माणूस आणि झेंडा दिसेपर्यंत मुलांनी वाळूत खेळावं, फार तर घोट्याइतक्या पाण्यात. संध्याकाळीही जीवरक्षक साधारण साडेसातच्या आसपास उतरतात. झेंडा खाली आला की मुलं पाण्याबाहेर, हा नियम पहिल्या दिवशीच सांगून ठेवा म्हणजे रोज वाद होणार नाही.

दुपारी समुद्राचा स्वभावही बदलतो. सकाळी पाणी बहुधा सपाट असतं. जमीन तापली की बारा-एकच्या सुमारास समुद्रावरून वारा सुरू होतो. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या या वाऱ्याला तिथे गर्बी म्हणतात. त्याने लहान, आखूड, एकामागोमाग एक लाटा उठतात आणि पाणी किनाऱ्याला समांतर ईशान्येकडे सरकू लागतं. पाण्यात खेळणारं मूल दहा मिनिटांत तुमच्या छत्रीसमोरून दोन-तीन छत्र्या पुढे गेलेलं असतं, आणि परत वळून बघितल्यावर त्याला आपली माणसं दिसत नाहीत. गर्दीत मुलं हरवतात ती बहुतेक वेळा अशी. उपाय सोपा आहे: पाण्यात शिरताना किनाऱ्यावरची एखादी न हलणारी खूण दाखवा (मनोरा किंवा शॉवरचा खांब; कुणाची रंगीत छत्री चालणार नाही) आणि दर काही मिनिटांनी तिच्यासमोर परत यायला लावा. मुलाच्या दंडावर बॉलपेनाने भारताच्या कोडसकट तुमचा फोन नंबर लिहा. वर सनस्क्रीन लावलं की तो पुसट होतो, तेव्हा पुन्हा लिहा.

ज्यांना कोकणातल्या समुद्राची सवय आहे त्यांना आणखी एक फरक जाणवेल. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. बार्सिलोनात चढउतार वीतभराचा. पंचांग बघून भरतीची वेळ काढायची गरज नाही, आणि ओहोटीला मागे सरकून उघडं पडणारं ते लांबलचक, ओलं, घट्ट पुळण तिथे मिळत नाही. मुलांना त्यावर क्रिकेट खेळायचं असेल तर निराशा होईल. पाणी मात्र स्वच्छ आणि निळं दिसतं, कारण त्यात नदीचा गाळ आणि सूक्ष्म वनस्पती कमी. ते आपल्या अरबी समुद्रापेक्षा थोडं जास्त खारट असतं (किलोमागे साधारण ३८ ग्रॅम मीठ), म्हणून अंग किंचित जास्त तरंगतं आणि डोळे जास्त चुरचुरतात. मुलांसाठी पोहण्याचे गॉगल घ्या, अर्धी रडारड वाचते. तापमान जुलैअखेरीस २५ अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडच्या पाण्याच्या मानाने हे गार आहे. सहा वर्षांचं मूल वीस-पंचवीस मिनिटांत कुडकुडू लागतं. ओठ निळसर दिसायची वाट न बघता बाहेर काढून कोरडं करा, दहा मिनिटं उन्हात बसवा, मग पुन्हा सोडा.

आता किनारे. शहराच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे ओळीने सान सेबास्तिया, सान मिकेल, बार्सेलोनेता, सोमोरोस्त्रो, मग ऑलिंपिक बंदर, त्यापुढे नोवा इकारिया, बोगातेल, मार बेया, नोवा मार बेया आणि ल्येवान असे किनारे लागतात. बहुतेकांची आजची वाळू आणि आकार १९९२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या कामातून आले. त्याआधी इथे रेल्वेचे रूळ, कारखाने आणि झोपड्या होत्या. सोमोरोस्त्रोची झोपडपट्टी १९६६ मध्ये हलवली गेली. फ्लामेंको नर्तकी कार्मेन आमाया तिथेच जन्मली. हा इतिहास पोहणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. माणसाने बांधलेला किनारा असल्यामुळे वाळू जाडसर आहे, ती जागेवर राहावी म्हणून समुद्रात दगडी धक्के घातले आहेत, आणि पाण्यातला उतार बऱ्याच ठिकाणी एकदम पडतो. गुडघाभर पाण्यातून चार-सहा पावलं पुढे गेलं की छातीपर्यंत पाणी, असं होऊ शकतं. पोहता न येणाऱ्या मोठ्या माणसाने ‘कमरेपर्यंतच तर जातोय’ म्हणून बेफिकीर राहू नये. हिवाळ्यातल्या पूर्वेकडच्या वादळांत वाळू वाहून जाते, जानेवारी २०२० च्या ग्लोरिया वादळात तर फार गेली. त्यामुळे मागच्या वर्षी कुणी सांगितलेला उतार या वर्षी तसाच असेल असं धरू नका. आधी मोठ्याने चालून बघावं, मग मुलांना बोलवावं.

त्या दगडी धक्क्यांपासून तीसेक मीटर दूर राहा. वाऱ्याने किनाऱ्याच्या कडेने सरकणारं पाणी धक्क्याला अडलं की वळून धक्क्याच्या कडेकडेने समुद्रात जातं, आणि ओढ तिथेच असते. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहायचा आटापिटा करायचा नाही. धक्क्यापासून दूर, किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढ सुटली की मग आत वळायचं, आणि दम नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करायचा. दगडांवर चढून उड्या मारणारी मुलं दिसतील. तुमच्या मुलांना तो मोह होऊ देऊ नका, खाली बुडालेले दगड दिसत नाहीत आणि वरचे शेवाळलेले असतात. पिवळे बोये साधारण दोनशे मीटरवर असतात, त्यांच्यापलीकडे होड्यांचं राज्य.

तुमच्या कुटुंबासाठी निवड स्पष्ट आहे: नोवा इकारिया. ऑलिंपिक बंदराच्या भिंतीच्या कुशीत असल्याने तिथे लाट शेजारच्या किनाऱ्यांपेक्षा मवाळ असते आणि किनारा आटोपशीर असल्याने मुलांवर नजर राहते. वाळूवर लाकडी वाट आहे, शॉवर आहेत, पलीकडे टेबल टेनिसची टेबलं आहेत. शिवाय उन्हाळ्यात तिथे पालिकेची एक सेवा चालते, बान्य आसिस्तित नावाची. चालायला त्रास असलेल्यांना मोठ्या चाकांच्या, पाण्यात तरंगणाऱ्या खुर्चीत बसवून प्रशिक्षित माणसं समुद्रात नेतात आणि परत आणतात. सासूबाईंनी गुडघ्यांमुळे फक्त छत्रीखाली बसून पिशव्या राखायच्या, असं करू नका. वाळूतून चालणं हाच गुडघ्यांचा खरा त्रास असतो. पाण्यात गेल्यावर वजन हलकं होतं आणि चेहरा खुलतो. सेवेच्या वेळा किनाऱ्यावरच्या केंद्रात आदल्या दिवशी विचारून ठेवा. पिवळ्या मेट्रोने, म्हणजे एल-४ ने, सिउतादेया-विला ओलिंपिका स्थानकात उतरा, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालणं. त्यांना तेवढंही जड जात असेल तर तेवढ्यापुरती टॅक्सी करा. काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या माणसाला लांबूनच ओळखू येते.

नोवा इकारिया भरला असेल तर शेजारी बोगातेल, लांब आणि मोकळा. बार्सेलोनेता सूर्योदयाला आणि फेरफटक्याला छान, पण जुलैत अकरानंतर मुलांना घेऊन बसण्याजोगा राहत नाही. मार बेयाचा एक भाग वस्त्रहीन स्नान करणाऱ्यांचा आहे, आणि सान सेबास्तियाच्या टोकाशीही ती रीत आहे. वरचं वस्त्र न घातलेल्या बायका तर सगळ्याच किनाऱ्यांवर दिसतात आणि कुणी वळून बघत नाही. सासूबाईंना आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवलं की अवघडलेपण उरत नाही. फोनने फोटो काढताना मागे कोण आहे ते मात्र बघा.

कपड्यांबद्दल मराठी घरांत होणारी एक चूक टाळा: सुती सलवार, लेगिंगवर कुर्ता, जीन्स किंवा बर्म्युडा घालून पाण्यात शिरणं. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, पायांना गुंडाळतं आणि लाटेत माणसाला खाली खेचतं. अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पण अंगासरशी असलेला नायलॉन-लायक्राचा पोहण्याचा पोशाख घ्या. किनाऱ्यावर कुणी हरकत घेत नाही. मुलांनाही पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला. उन्हापासून संरक्षण होतं, गारठा कमी लागतो आणि सनस्क्रीन निम्मं वाचतं. आणि किनारा सोडून रस्त्यावर येताना वरून कपडे चढवा. नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत शहरात फिरण्यावर बार्सिलोनात २०११ पासून दंड आहे. वाळूवर धूम्रपानाला २०२२ पासून बंदी आहे, आणि किनाऱ्यावरच्या शॉवरखाली साबण लावायचा नाही.

सनस्क्रीन. ‘आपली कातडी सावळी, आपल्याला काय होतंय’ हे खरं नाही; कातडी लाल दिसत नाही एवढंच, रात्री अंथरुणाला पाठ टेकवत नाही. मोठ्या माणसाला पूर्ण अंगाला सात छोटे चमचे लागतात: तोंड-मानेला एक, प्रत्येक हाताला एक, प्रत्येक पायाला एक, छाती-पोटाला एक, पाठीला एक. म्हणजे ३५ मिली. लोक याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं लावतात, आणि मग ५० आकड्याचं सनस्क्रीन काम करत नाही अशी तक्रार करतात. हॉटेलवरून निघण्याआधी कोरड्या अंगाला लावा, दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी टॉवेलने पुसल्यावर पुन्हा. हिशेब केला तर २०० मिलीची बाटली पाच जणांच्या घराला एक दिवसही पुरत नाही. कान, पायाची पावलं, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि मुलांचा भांग या जागा हमखास राहून जातात.

छत्री विकत घेतलीत तर तिचा दांडा कोपराइतका खोल रोवा, फिरवत फिरवत आत ढकला, आणि छत्रीचा वरचा भाग वारा येतो त्या दिशेला झुकवा. सकाळी वारा नसतो म्हणून लोक दांडा वरवर टेकवतात आणि गर्बी उठला की छत्री उडून दुसऱ्याच्या अंगावर जाते. पाणी माणशी एक लिटर न्या. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, चव थोडी क्लोरिनची.

झेंड्यांचा अर्थ: हिरवा म्हणजे पोहा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात उतरायला मनाई. पिवळ्या दिवशी तुमच्या घरापुरता नियम ‘गुडघ्याच्या वर नाही’ असा ठेवा. पांढऱ्या झेंड्यावर जेलीफिशचं चित्र दिसलं तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नका, मुलांना तर नाहीच. सगळ्यात त्रासदायक जेलीफिश म्हणजे पेलाजिया नोक्तिलुका: जांभळट-गुलाबी, मुठीएवढी, लांब दोऱ्यांची. डंख लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. नळाचं गोडं पाणी ओतलं की कातडीवर चिकटलेल्या, न फुटलेल्या डंखपेशी फुटतात आणि आग वाढते. वाळूने घासायचं नाही, टॉवेलने पुसायचं नाही. चिकटलेले दोरे चिमट्याने किंवा एखाद्या कार्डाच्या कडेने काढायचे. व्हिनेगरचा उपाय दुसऱ्या जातींसाठीचा आहे, हिच्यावर वापरू नका. मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. बर्फ थेट लावला तर वितळलेलं गोडं पाणी तेच नुकसान करतं. जीवरक्षकांकडे या सगळ्याचं साहित्य असतं, म्हणून डंख लागल्यावर पहिलं काम मनोऱ्याकडे चालणं. श्वास लागला, तोंड सुजलं किंवा चक्कर आली तर ११२. वाळूत पाय ठेवताच जबर कळ आली आणि पाऊल सुजलं तर तो बहुधा वाळूत रुतून बसणारा काटेरी मासा; तिथे उपाय उलटा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाऊल बुडवून ठेवायचं, कारण त्याचं विष उष्णतेने निकामी होतं.

चोऱ्यांचं. या किनाऱ्यांवर अंगावर येऊन लुटालूट क्वचित होते, चोरी होते ती गाफीलपणाची. सगळे एकदम पाण्याकडे धावतात, फोटो काढतात, आणि तेवढ्यात पिशवी जाते. किंवा कुणी वाट विचारतो, नकाशा तुमच्या टेबलावर पसरतो आणि नकाशाखालून फोन जातो. उपाय एकच चालतो: किनाऱ्यावर न्यायचंच कमी. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, खिशात त्याची प्रत. एक कार्ड, थोडे युरो, एक फोन, पाण्यात चालणाऱ्या छोट्या बंद पिशवीत, पोहणाऱ्याच्या गळ्यात किंवा बसणाऱ्याच्या मांडीवर. पाळी लावा, एक मोठा माणूस कायम सामानापाशी. हॉटेलच्या खुल्या कॅफेत बसतानाही पिशवीचा बंद खुर्चीच्या पायात अडकवा. चोरी झालीच तर पोलिसांकडून लेखी नोंद, म्हणजे देनुन्सिया, घेतल्याशिवाय विम्याचे पैसे मिळत नाहीत. वाळूवर फिरून मोहितोचे पेले, बियरचे डबे किंवा मसाज विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका. ती विक्री बेकायदा आहे, आणि पेल्यातला बर्फ व पुदिना कुठे ठेवलेला होता याचा पत्ता नसतो.

जेवणाची वेळ तुमच्या समुद्राच्या वेळेशी आपोआप जुळते. स्वयंपाकघरं दुपारी एकला उघडतात, चारला बंद होतात, आणि रात्री साडेआठच्या आधी बऱ्याच ठिकाणी चूल पेटत नाही. बाराला पाण्याबाहेर, शॉवर, कपडे, आणि एकला टेबलावर: स्थानिक लोक दोनला येतात, त्यांच्या आधी जागा मिळते. आठवड्याच्या दिवशी दुपारचा ठरावीक किमतीचा बेत, मेनू देल दिया, बहुतेक ठिकाणी असतो.

मासे खाणाऱ्यांसाठी हे शहर सुखाचं आहे. लोखंडी तव्यावर भाजलेल्या तारल्या, तळलेलं माकुल, शिनाण्यांची जात असलेले मुस्क्लोस, आणि माकुलाच्या शाईत शिजवलेला काळा भात. रविवारी होड्या बाहेर जात नाहीत, म्हणून सोमवारी ताज्या माशाची अपेक्षा ठेवू नका. मंगळवार ते शनिवार खा. पाएया हा भाताचा प्रकार दुपारचा पदार्थ आहे, किमान दोन माणसांचा करतात, आणि मागणी दिल्यावर तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत समोर आला तर तो गोठवलेला होता. दारात सगळ्या भातांची रंगीत छायाचित्रं लावून आत ओढणाऱ्या जागा टाळा.

सासूबाईंसाठी जास्त काळजी घ्यावी लागेल. ‘भाज्यांचा पाएया’सुद्धा अनेक ठिकाणी माशाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. म्हणून ‘वेजितेरियानो’ एवढ्यावर थांबू नका. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’ म्हणा, म्हणजे मांस, मासे आणि हॅम नको. अंडं चालत नसेल तर ‘सिन उएवो’ जोडा. आणि भाताबद्दल वेगळं विचारा: ‘एल काल्दो एस दे वेर्दुरास?’ म्हणजे शिजवायचं पाणी भाज्यांचंच आहे ना. हॅमला तिथे बऱ्याच जणांच्या मनात मांसाचा दर्जा नाही, ते चवीपुरतं घालतात, त्यामुळे मनुका आणि चिलगोज्यांसारखे दाणे घातलेल्या पालकातही ते सापडतं. निर्धास्त खाण्यासारखं: पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्हचं तेल घातलेला पा अंब तुमाकेत, गार गास्पाचो सूप, मीठ लावून तळलेल्या पाद्रोनच्या छोट्या मिरच्या. एस्कालिवादा म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, आपल्या भरताची बहीण. फक्त तिच्यावर खारवलेला मासा ठेवत नाहीत ना, ते विचारा. पातातास ब्रावास, म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे, पण वरचा पांढरा सॉस अंड्याचा असू शकतो. आणि उन्हातून आल्यावर ओर्चाता घ्या. दिसते दुधासारखी, पण नागरमोथ्याच्या कुळातल्या एका छोट्या कंदाचा तो रस आहे, त्यात दूध नसतं.

मधल्या तापत्या वेळेसाठी रांब्लाच्या समुद्राकडच्या टोकाला द्रासानेस, म्हणजे मध्ययुगातला जहाजबांधणीचा कारखाना, आणि त्यात सागरी संग्रहालय. उंच दगडी कमानींखाली गारवा असतो, आणि १५७१ च्या लेपांतोच्या लढाईतल्या वल्ह्यांच्या युद्धनौकेची पूर्ण आकाराची प्रतिकृती पाहून मुलं गप्प होतात. रविवारी दुपारी तीननंतर प्रवेश मोफत. तुमच्या हॉटेलापासून चालत जाण्याजोगं आहे.

चारपैकी एक दिवस शहराबाहेर काढा, आणि तुमच्या घरासाठी कास्तेलदेफेल्स सिट्जेसपेक्षा बरं. सिट्जेस सुंदर गाव आहे, समुद्राकाठचं चर्च आणि धक्क्यांनी बांधलेले छोटे किनारे, पण गल्ल्यांत चढउतार आणि स्थानकापासून पाण्यापर्यंत चालणं गुडघ्यांना जाचेल. कास्तेलदेफेल्सला पाच किलोमीटरची मऊ वाळू आणि हळूहळू खोल होत जाणारं पाणी आहे. पोहता न येणाऱ्यांना मनमुराद खेळता येतं. पासेज दे ग्रासिया किंवा सांत्स स्थानकातून आर-२ सुद लोकल. चुकायची जागा अशी की त्या गावाची स्थानकं दोन आहेत. ‘प्लाजा दे कास्तेलदेफेल्स’ या स्थानकावर उतरा, समुद्र तिथून पाच मिनिटांवर. नुसत्या ‘कास्तेलदेफेल्स’वर उतरलात तर भर उन्हात लांब चालावं लागेल. रविवारी जाऊ नका, सगळं बार्सिलोना तिथेच असतं.

तिकिटाबाबत एक बारीक गोष्ट: टी-काझुआल हे दहा फेऱ्यांचं कार्ड एका माणसापुरतंच असतं, पाच जणांनी ते एकामागून एक दाबून चालत नाही, दंड होतो. कुटुंबाला टी-फामिलियार घ्या. त्यातल्या आठ फेऱ्या तीस दिवसांत कितीही जणांनी मिळून वापरता येतात. रस्त्यात दिसणाऱ्या लाल-पांढऱ्या बिसिंग सायकली तिथल्या रहिवाशांसाठी आहेत, पाहुण्यांना मिळत नाहीत. सायकल हवी तर दुकानातून भाड्याने. बार्सेलोनेतापासून शहराच्या उत्तर टोकाच्या फोरुमपर्यंतचा किनाऱ्याकाठचा रस्ता सपाट आहे, नऊ वर्षांच्या मुलाला जमेल.

मुक्कामात जोराचा पाऊस पडला तर दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख असलं तरी समुद्रात जाऊ नका. शहराचं पावसाचं आणि सांडपाणी बऱ्याच भागांत एकाच गटारातून जातं. पाऊस एकदम पडला की जमिनीखालच्या टाक्याही भरतात आणि उरलेलं पाणी समुद्रात सुटतं. दोन दिवस थांबा, झेंडा आणि किनाऱ्यावरची सूचना बघा, आणि तोवर शहर पाहून घ्या.

तारखा अजून हलवता येत असतील तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा विचार करा. पाणी अजून २३-२४ अंशांवर असतं आणि गर्दी बरीच ओसरते. फक्त पावसाच्या सरींची शक्यता वाढते, म्हणून चारऐवजी पाच दिवस धरा. जूनचा शेवट घेणार असाल तर २३ तारखेची रात्र ध्यानात ठेवा. ती सान जोआनची रात्र, सगळं शहर फटाके आणि शेकोट्या घेऊन किनाऱ्यावर येतं. बघायला जरूर जा, मुलांच्या कानांत कापूस घालून, पण २४ ला सकाळी अनवाणी वाळूत जाऊ नका.